माकडांना पोहता येते

मराठीच्या प्राध्यापकाची नदीशी गाठ पडते ती बहुधा पुस्तकात. दरवर्षी पावसाळ्याच्या सुमारास मी पहिल्या वर्षाच्या वर्गापुढे कवितेतली नदी वाहवतो. मुले वहीत 'नदी हे जीवनाचे प्रतीक' असे लिहून घेतात, घंटा होते, आणि मी संध्याकाळच्या गाडीने डोंबिवलीला परततो. वाटेत मुंब्र्याची खाडी लागते खरी. पण ती खिडकीत बसलेल्या माणसासाठी असते, आणि खिडकी मला वर्षातून दोनदा मिळते. एकदा गणपतीत आणि एकदा संपाच्या दिवशी. अशा माणसाने सातासमुद्रापलीकडे जाऊन तासाच्या भाड्याने नाव घ्यावी आणि मगरींच्या शेजारून ती स्वतः वल्हवावी, हे माझ्या विद्यार्थ्यांना कळले असते तर त्यांनी मला हजेरीच्या वेळी अधिक मान दिला असता.

मी अमेरिकेला गेलो होतो तो काही नदी पाहायला नव्हे. गेलो होतो दादाची सही घ्यायला. फ्लोरिडातल्या ऑर्लँडो शहरी आमचे हे बंधुराज गेली चोवीस वर्षे राहतात. आई गेली त्याला गेल्या डिसेंबरात दीड वर्ष झाले होते. राजापूरजवळचे आमचे घर तेव्हापासून बंद. मुंबईचे एक गिऱ्हाईक चांगली किंमत द्यायला तयार होते. वडिलार्जित घर, दोघांची नावे. तेव्हा मी संमतीचा कागद तयार करून घेतला, नाताळच्या सुट्टीला रजा जोडली आणि विमानात बसलो. दादाने कागद वाचला, घडी घातली आणि फ्रिजच्या दारावर एका लोहचुंबकाखाली अडकवून ठेवला. तिथे तो आठ दिवस होता. दूध काढताना तो दिसे, लोणचे काढताना दिसे. पण त्याबद्दल कोणी बोलत नसे. नवव्या दिवशी दादा म्हणाला, "उद्या सिल्व्हर स्प्रिंग्जला जाऊ. पोरीला कयाक चालवायची आहे आणि तुला माकडं दाखवायची आहेत."

"माकडं बघायला मी अमेरिकेत आलो का?" मी म्हणालो.

"बघ तर खरं," दादा म्हणाला.

कयाक ही मूळची बर्फाळ उत्तरेकडच्या इन्युइट लोकांची शिकारी होडी. लाकडाच्या किंवा हाडाच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून बसवायचे आणि आत शिकाऱ्याने बसायचे. आता ती प्लॅस्टिकची झाली आहे, पिवळीधमक आणि लालभडक, आणि सायकलीसारखी ओळीने मांडून भाड्याने मिळते. फरक इतकाच, की सायकलवाल्याने माझ्याकडून कधी लिहून घेतले नव्हते की मी वाटेत मेलो तर त्याचा काही संबंध नाही. इथे तसा दोन पानी कागद होता. वीज, मगर, झाडाची फांदी, स्वतःचा मूर्खपणा, अशा सर्व कारणांनी येणाऱ्या मृत्यूची त्यात व्यवस्था केलेली होती. दादाने न वाचता सही ठोकली. मी पाहत होतो.

मग छातीला बांधायचे फुगीर जाकीट आले. दादाने माझ्या जाकिटाचे पट्टे आवळले आणि म्हणाला, "भोपळा." एवढाच शब्द. लहानपणी अर्जुना नदीत त्यानेच मला पोहायला शिकवले होते. वाळवलेला भोपळा पाठीला बांधून. मी सात वर्षांचा, तो बारा. चौथ्या दिवशी त्याने मला न सांगता भोपळा सोडला होता. ते आठवून मी पट्टे पुन्हा एकदा तपासून घेतले.

नाव दोघांची होती. पुढे मी, मागे दादा. पुतणी एकटीच्या नावेत आणि आमच्याही आधी पाण्यात. वहिनी मात्र काठावरच्या बाकावर शाल गुंडाळून बसल्या. "तुम्ही या दोघे सुखरूप, मी डबे सांभाळते," असे त्या म्हणाल्या, आणि त्या सकाळी आमच्या घरात शहाणे माणूस कोण याचा निकाल तिथेच लागला. आम्हांला वाट दाखवायला एक साठीच्या घरातल्या बाई होत्या. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. आमच्यासारख्याच पाच-सहा नावा त्यांच्यामागे बदकांच्या पिलांसारख्या निघाल्या.

सकाळी हवेत चांगलाच गारठा होता आणि नदीवर वाफ होती. मला वाटले धुके. बाई म्हणाल्या, हात घालून पाहा. पाणी चक्क कोमट लागले. ते उन्हाळ्यात, हिवाळ्यात, रात्री, दिवसा सारख्याच उष्णतेचे असते: बहात्तर अंश फॅरनहाइट, म्हणजे आपले बावीस सेल्सिअस. कारण ही नदी डोंगरावरून येत नाही. ती जमिनीतूनच वर येते. फ्लोरिडाची जमीन म्हणजे चुनखडीचा एक प्रचंड स्पंज आहे. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होते, दगड विरघळवीत, भेगा रुंदावीत खाली झिरपते, तिथे गुहा आणि भुयारे पोखरते, आणि मग दाबाने कुठेतरी उसळून वर येते. त्या राज्यात असे हजाराहून अधिक झरे आहेत. त्यांतला हा सिल्व्हर स्प्रिंग्ज सर्वांत मोठ्या झऱ्यांपैकी एक. एके काळी तो दिवसाला पन्नास कोटी गॅलनांहून अधिक पाणी ओतीत असे. आता ते पुष्कळ कमी झाले आहे. भोवतालची शहरे, बागा आणि शेते त्याच जमिनीखालच्या साठ्यातून पाणी ओढतात, आणि खतांतला नायट्रेट झिरपून झऱ्यात येतो, त्यामुळे तळाशी शेवाळ माजते. तरीही पाणी असे, की नाव पाण्यावर नसून हवेत लटकली आहे असा भास व्हावा. खाली लांब हिरव्या गवताचे पट्टे प्रवाहाबरोबर डोलत होते, आणि त्यांच्यावरून आमच्या नावेची सावली सरकत होती.

आमच्या राजापूरच्या माणसाला झऱ्याचे अप्रूप नसावे. आमच्या उन्हाळ्याला गंगा येते. साधारण तीन वर्षांनी, कधी आधी, कधी नंतर, तिच्या मर्जीने. चौदा कुंडे भरतात, माणसांची रीघ लागते, आणि एक दिवस ती आली तशी निघून जाते. पण एखादा झरा कधी जातच नाही आणि उगमापासूनच नावा चालतील एवढी नदी होऊन निघतो, हे माझ्या कोकणी मनाला पटायला वेळ लागला. मराठीत अशा उसळत्या पाण्याला 'उमाळा' असा सुरेख शब्द आहे. आम्ही तो मायेला आणि रडण्याला देऊन टाकला आणि पाण्याला नळ दिला.

ही नदी लांबीने पाचएक मैलच. मग ती ऑक्लावाहा नावाच्या दुसऱ्या नदीला मिळते. पण त्या पाच मैलांत गर्दी किती! काठाला सायप्रसची झाडे, बुंध्याशी फुगलेली, आणि भोवती त्यांचे गुडघे चिखलातून वर आलेले; त्या मुळांना तिथे गुडघेच म्हणतात. फांद्यांवरून राखाडी दाढ्या लोंबत होत्या. त्यांना 'स्पॅनिश मॉस' असे नाव आहे. बाई म्हणाल्या की हे स्पॅनिशही नाही आणि मॉसही नाही, हे अननसाच्या कुळातले झाड आहे. नावे ठेवण्याच्या बाबतीत सगळे जग आपल्यासारखेच आहे, हे पाहून बरे वाटले. ओंडक्यांवर कासवे ओळीने उन्हाला बसली होती, मोठ्याच्या पाठीवर धाकटे. आपल्या तिरंदाज पक्ष्याचा सख्खा चुलतभाऊ वाटावा असा एक पक्षी पंख पसरून वाळत घातल्यासारखा उभा होता. लिंपकिन नावाचा ठिपकेदार पक्षी गोगलगायी फोडून खात होता.

आणि अॅलिगेटर. चिपळूणच्या वाशिष्ठीत मगरी आहेत, तेव्हा हा प्राणी आम्हां कोकणस्थांना अगदीच परका नाही; पण तिथे मी पुलावर असतो. इथे तो आठेक फुटांचा गृहस्थ आमच्या नावेपासून चार वल्ह्यांवर पडून होता. रुंद तोंड, तोंड मिटल्यावर खालचे दात दिसत नाहीत, ही त्याची आपल्या मगरीहून निराळी खूण. ती खूण पटवून घेण्याइतके जवळ जाण्याची मला निकड नव्हती. एके काळी कातड्यासाठी इतके मारले गेले की त्यांचे नाव संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत गेले, आणि 1987 साली ते त्या यादीतून निघाले. "त्याला खायला घालू नका, म्हणजे तो तुम्हांला ओळखणार नाही," बाई म्हणाल्या. हे वाक्य मी माझ्या वहीत उतरून घेतले आहे.

मैलभर गेल्यावर उजवीकडे झाडीत एक मोकळी जागा लागली. बाईंनी वल्हे आडवे धरले. इथे पॅराडाइज पार्क होते, त्या म्हणाल्या. वर झऱ्याच्या मुख्य बागेत फक्त गोऱ्यांना प्रवेश असे. म्हणून 1949 साली खाली इथे काळ्या लोकांसाठी वेगळी बाग काढली. इथेही तळाला काच लावलेल्या नावा होत्या, पोहायची जागा होती. 1969 साली ती बंद झाली. नदी एकच, पाणी एकच; वरचे त्यांचे, खालचे यांचे. बाई अधिक बोलल्या नाहीत. महाडचे चवदार तळे आणि 1927 साल ज्याला ठाऊक आहे त्याला याहून अधिक सांगावेही लागत नाही. दादाने पुतणीला मराठीत चवदार तळ्याची गोष्ट सांगितली. सांगताना त्याचे दोन शब्द अडले, आणि मी पुढून ते मागे दिले.

आता माकडांकडे येतो.

1930 च्या सुमारास, म्हणजे त्याच दशकात कधीतरी, इथे 'जंगल सफरी'च्या नावा चालवणारा एक गृहस्थ होता. नाव कर्नल टूई. कर्नल हे त्याचे नावच होते, हुद्दा नव्हे. बापाने बारशालाच बढती दिली होती. आपल्या जंगलात जंगलीपण कमी पडते असे त्याला वाटले. म्हणून त्याने रीसस जातीची काही माकडे विकत आणली आणि नदीतल्या एका बेटावर सोडली. हिशेब असा, की चहूकडे पाणी, माकडे जातात कुठे? माकडांना पोहता येते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. माकडांनाही कोणी सांगितले नसावे, पण त्यांनी उडी टाकली आणि पलीकडचा काठ गाठला. तेव्हापासून ती तिथेच आहेत.

ही तीच माकडे, जी मथुरेला आणि हरिद्वारला आपला चष्मा पळवतात. ज्यांच्यावरून आपल्या रक्ताच्या अहवालात 'आरएच पॉझिटिव्ह' लिहितात, तीही हीच. 1940 साली लँडस्टायनर आणि वीनर यांनी तो शोध प्रसिद्ध केला. हिंदुस्थानातून ही माकडे प्रयोगशाळांसाठी इतक्या संख्येने परदेशी जात, की शेवटी 1978 साली आपल्या सरकारने निर्यातच बंद केली. टूईची माकडे मात्र प्रयोगशाळा चुकवून नदीकाठी स्थायिक झाली.

एका वळणावर ती दिसली. पंधरा-वीस असतील. एक म्हातारा नर फांदीवर बसून आमच्याकडे असा पाहत होता, की आम्ही त्याच्या ओटीवर चपला घालून आलो आहोत. खाली दोन पोरे मारामारी करीत पाण्यात पडली आणि सहज पोहत काठाला लागली. एका मादीच्या पोटाशी पिलू होते.

बाईंनी सर्वांना दूर थांबवले. या माकडांना खायला घालण्यावर 2018 साली राज्यात बंदी आली आहे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पकडून तपासलेल्या माकडांपैकी जवळजवळ चौथ्या हिश्शाच्या रक्तात हर्पिस बी या विषाणूच्या खुणा सापडल्या होत्या. माकडाला त्याचा फारसा त्रास नाही, पण माणसाला झाला तर जिवावर बेतते. 1984 ते 2012 या काळात सुमारे हजार माकडे पकडून नेली; ती प्रयोगशाळांना विकली जातात हे कळल्यावर लोक खवळले आणि ते थांबले. पक्ष्यांची अंडी खातात, झाडे ओरबाडतात. सरकारी दप्तरात त्यांची नोंद बाहेरून घुसलेला प्राणी अशी आहे. काही लोकांना ती हवी आहेत, काहींना नको आहेत. बाईंना स्वतःला काय वाटते, असे एकाने विचारले. त्या म्हणाल्या, "मंगळवारी एक वाटतं, बुधवारी दुसरं."

पुतणी नाव वळवून आमच्याजवळ आली. "काका, ही माकडं इंडियन आहेत ना?"

"जातीने आपल्याकडची खरी," मी म्हणालो.

"पण ही तर इथेच बॉर्न झाली. यांचे आजी-आजोबापण."

मी काही म्हणालो नाही. दादाने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले त्याला बारा वर्षे झाली. त्यावरून आईने महिनाभर अबोला धरला होता. मागे वल्हे थांबले होते. कयाकमध्ये पुढच्या माणसाला मागच्याचे तोंड दिसत नाही, आणि मी मुद्दाम वळून पाहिले नाही. वळलो असतो तर नावही कलली असती.

बऱ्याच वेळाने दादा म्हणाला, "आपल्या घराची कौलं अजून फोडतात का रे?"

आता कोकणातले वाचक हा प्रश्न ऐकून हसणार नाहीत. आमच्याकडे माकडे आणि वानर यांनी गावेच्या गावे बेजार केली आहेत. पावटा लावायचा नाही, भुईमूग लावायचा नाही, नारळ कोवळे असतानाच जातात. कौलांवर टोळी नाचली की पन्नास कौले फुटतात, पावसाळ्यात वासे कुजतात, आणि वैतागून माणसे कौले काढून पत्रे घालतात. आमच्या मागच्या पडवीची तीच दशा आहे. घर विकायचे माझ्या मनाने घेतले ते पैशासाठी नव्हे. दर वैशाखात दोन दिवस जायचे, गडी शोधायचा, कौले बसवायची, आणि आषाढात शेजाऱ्याचा फोन यायचा की पुन्हा फुटली. हे आई होती तोवर आईसाठी केले.

हे सगळे मी दादाला सांगितले. नदीकडे तोंड करून, थोड्या मोठ्या आवाजात. आणि मग, तितक्याच आवाजात, हेही सांगितले की आई शेवटच्या महिन्यात डोंबिवलीच्या खाटेवरून रोज विचारायची, कौले बसवली का. दादा आला तो चौथ्या दिवशी. दिवस डोंबिवलीलाच झाले आणि तेराव्यानंतर तो परत गेला. राजापूरला त्याने अकरा वर्षांत पाऊल ठेवलेले नाही.

"ती मला फोनवर तेच विचारायची," दादा म्हणाला. "मी म्हणायचो, हो, बसवली. धाकट्याने बसवली."

आम्ही प्रवाहाबरोबर नुसतेच वाहत होतो. एवढ्यात बाईंनी हात वर केला. आमच्या नावेखालून काहीतरी चालले होते. आधी मला वाटले बुडालेला ओंडका. मग तो ओंडका वल्ह्यासारखी गोल शेपटी हलवत पुढे सरकला. मॅनेटी! आपल्याकडे मन्नारच्या आखातात आणि कच्छकडे जी समुद्रगाय आहे तिची ही नातेवाईक, आणि जमिनीवरच्या प्राण्यांत हत्तीच्या जवळची. दहा फूट लांबी, हजार पौंडांच्या आसपास वजन, अन्न फक्त गवत. 1493 साली कोलंबसाने जलपऱ्या पाहिल्याची नोंद केली आणि चित्रात असतात तितक्या त्या सुंदर नाहीत असेही लिहून ठेवले, त्या या असाव्यात असे म्हणतात. तोंड पाहिल्यावर कोलंबसाच्या सौजन्याचे कौतुक वाटले. ती वर आली, नाकपुड्या उघडून फुस्स करून श्वास घेतला आणि पुन्हा गवतात शिरली. पाठीवर पांढरे समांतर वण होते, मोटारबोटीच्या पंख्याचे.

थंडीत समुद्राचे आणि इतर नद्यांचे पाणी गार झाले की हा प्राणी मरतो. म्हणून तो अशा कोमट झऱ्यांकडे धाव घेतो. पण या झऱ्याकडे येणारी वाट सरळ नाही. फ्लोरिडा आडवी कापून मोठा कालवा काढायचा बेत सरकारने केला होता. त्यासाठी 1968 साली खाली ऑक्लावाहा नदीवर धरण बांधले. जंगल बुडाले, वीसएक झरे पाण्याखाली गेले. मार्जोरी कार नावाच्या बाईंनी आणि त्यांच्या सोबत्यांनी झगडून तो बेत हाणून पाडला आणि 1971 साली अध्यक्ष निक्सन यांनी काम थांबवले. कालवा राहिला, धरण उभेच राहिले. त्यामुळे मॅनेटीला इथे यायचे तर जहाजांसाठी केलेल्या दरवाजातून, तो उघडेल तेव्हा, यावे लागते. फार थोड्या पोचतात. 2021 साली राज्यात अकराशे मॅनेटी मेल्या, पुष्कळशा उपासमारीने. पूर्व किनाऱ्याच्या खाडीतले गवतच मेले होते.

पुतणी रडवेली झाली होती. "शी केम ऑल द वे," ती म्हणाली. मग मराठीत, आमच्यासाठी, "एवढ्या लांबून आली ती."

परतीचा प्रवास प्रवाहाविरुद्ध होता, आणि त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. माझे खांदे पहिल्या अर्ध्या मैलात गेले. दादा मागून तालात आकडे म्हणत होता, एक-दोन, एक-दोन, पूर्वी अर्जुनेच्या काठावरून म्हणायचा तसे, आणि खरे काम तोच करीत होता. काठावर वहिनींनी थालीपिठाचे डबे उघडून ठेवले होते. पावती परत घेताना नाववाल्या पोराने विचारले, मजा आली का? दादा म्हणाला, फार.

ऑर्लँडोपर्यंतचा रस्ता दीड तासाचा. वहिनी आणि पुतणी मागे झोपल्या. दादा गाडी चालवीत होता, आणि मी बाहेर सरळ, सपाट, न संपणारा देश पाहत होतो.

"मंगलोरी कौल हल्ली काय भावाने मिळतं रे?" त्याने विचारले.

मी भाव सांगितला.

"मागच्या पडवीचीच ना फक्त?"

"पडवीची आणि माजघरावरची निम्मी."

तो काही वेळ ओठ हलवत राहिला. "हजारएक लागतील," तो म्हणाला, आणि वळणाचा दिवा लावून गाडी उजवीकडे घेतली.